मशीन लिस्टपर्यंत एका टिचकीत

चाकणच्या एखाद्या मोठ्या कारखान्यातला परचेसवाला भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपची वेबसाइट उघडतो, तेव्हा त्याच्यासमोर ड्रॉइंग असतं आणि डोक्यात एकच प्रश्न असतो: ८०० मिलिमीटर लांबीचा हा पार्ट यांच्या व्हीएमसीच्या टेबलावर बसेल का? पान उघडतं. आधी आपोआप सरकणारे फोटो, मग 'सुस्वागतम', मग संस्थापकांचं मनोगत, मग 'आमचं व्हिजन' आणि 'आमचं मिशन'. मशीन लिस्ट आहे, पण फोनवर अंगठा दुखेस्तोवर पान वर ढकलल्यानंतर. तिथवर थांबायला त्याला वेळ नसतो. तो मागे फिरतो आणि यादीतल्या पुढच्या व्हेंडरचं नाव दाबतो.

भोसरी, तळवडे, चिखली, कुरुळी, निघोजे या भागांतल्या बऱ्याच छोट्या कारखान्यांची वेबसाइट म्हणजे एकच लांबलचक पान असतं. त्यात गैर काही नाही. सांभाळायला एकच पान सोपं, खर्च कमी, आणि नवं मशीन आलं की एकाच ठिकाणी ओळ वाढवायची. पान लांब असू द्या, फक्त त्याच्या आत शिरायला दारं ठेवा. प्रत्येक विभागाला स्वतःचा पत्ता, वर त्या पत्त्यांच्या लिंक, आणि लिंक दाबली की पान अलगद त्या जागी सरकणं, एवढंच हे काम आहे. हाताशी पानाचा कोड असेल तर एका दुपारीत होतं.

यातली पत्त्याची गोष्ट कामाची आणि अलगद सरकण्याची शोभेची, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. कारण मागणी नेमकी उलटी होते. मालक दुसऱ्याची वेबसाइट दाखवून 'हे असं स्मूद सरकतं ना, तसं करून द्या' म्हणतात आणि वेबसाइटवाला एक जड स्क्रिप्ट चिकटवून देतो. पान छान सरकतं, पण मशीन लिस्टची लिंक कुणाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येत नाही. शोभा मिळाली, काम राहिलं.

एक सूचना. पुढे कोडमधले शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. एडिटरमध्ये ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायचे आहेत.

आधी विभाग ठरवा

कोडला हात लावण्याआधी कागद घ्या आणि गेल्या महिन्यात फोनवर आलेले प्रश्न लिहून काढा. 'तुमच्याकडे सीएमएम आहे का?' 'आयएटीएफ झालंय का?' 'एसएसमध्ये काम करता का?' 'गाडी कुठून आणायची?' हेच तुमचे विभाग. वेबसाइटवर येणारा माणूस एक प्रश्न घेऊन येतो, कंपनीचा इतिहास वाचायला येत नाही. पिंपरी चिंचवड महापालिकेने १५ ऑगस्ट २०१३ रोजी 'सारथी' हा उपक्रम सुरू केला, तेव्हा हेल्पलाइनच्या जोडीला दिलेली माहिती विभागवार प्रश्नोत्तरांच्या रूपात मांडली होती. नळजोड हवा असलेल्याने नळजोडाचाच प्रश्न काढावा, मालमत्ताकरवाल्याने त्याचा. कारखान्याच्या पानालाही हीच शिस्त चालते.

जॉबवर्क करणाऱ्या युनिटला साधारण पाच-सहा विभाग पुरतात: मशीन्स, प्रोसेस, तपासणी, प्रमाणपत्रं, पत्ता, संपर्क. 'आमच्याविषयी' ठेवायचं तर खाली ठेवा. लिंकचा मजकूर एक-दोन शब्दांचा आणि रोजच्या बोलण्यातला असावा. 'आमच्या क्षमतांचा परिचय' यावर कुणी टिचकी मारत नाही, 'मशीन्स'वर मारतात. आणि दार उघडल्यावर आत माल हवा. 'व्हीएमसी – ३ नग' एवढंच लिहिलं असेल तर थेट लिंक देऊन उपयोग नाही. तिन्ही अक्षांचा ट्रॅव्हल, टेबलाचा आकार, टेबल किती वजन पेलतं आणि कंट्रोलर कोणता, हे चार रकाने तरी हवेत. तपासणीच्या विभागात सीएमएम, हाइट गेज, प्रोफाइल प्रोजेक्टर यांच्यासमोर कॅलिब्रेशनची तारीख दिली तर ऑडिटवालाही खूश.

पत्त्याच्या विभागावर जरा जास्त वेळ घालवा. भोसरी एमआयडीसीत पत्ता ब्लॉक आणि प्लॉटचा असतो; जे ब्लॉक, एस ब्लॉक, टी ब्लॉक म्हटलं की जुन्या ड्रायव्हरला कळतं. पण चाकणकडे कुरुळी, निघोजे, महाळुंगे इथले कितीतरी पत्ते गट नंबरचे आहेत, आणि नुसत्या गट नंबरवरून परगावच्या ट्रेलरवाल्याला गेट सापडत नाही. तिथे नकाशाची लिंक, जवळची ठळक खूण, ट्रेलर कोणत्या बाजूने वळतो, आणि तळेगाव चौकातून यायचं की आंबेठाण चौकातून, हे चार ओळींत लिहा. मग डिस्पॅचच्या माणसाला फोनवर रस्ता सांगत बसावं लागत नाही. तो थेट पत्त्याच्या विभागाची लिंक ड्रायव्हरला पाठवतो आणि मोकळा होतो.

पत्ता देणं आणि लिंक जोडणं

विभागाला पत्ता देतो तो 'आयडी' नावाचा गुणधर्म. मशीन लिस्टचा विभाग ज्या सेक्शन टॅगने सुरू होतो, किंवा त्याचं जे एच-टू शीर्षक आहे, त्याच्या सुरुवातीच्या टॅगमध्ये आयडी, बरोबरचं चिन्ह आणि अवतरणात 'मशीन्स' असं लिहायचं. झाला पत्ता तयार. आता वरच्या मेनूतल्या ए टॅगच्या एचरेफमध्ये # हे चिन्ह आणि त्याला चिकटून तेच नाव लिहा, म्हणजे '#मशीन्स'. आयडीत # नसतो, लिंकमध्ये असतो. नवखा माणूस इथेच घोळ घालतो आणि दोन्हीकडे # लावतो.

दुसऱ्या पानावरून किंवा बाहेरून त्याच विभागावर यायचं असेल, तर आधी पानाचा पूर्ण पत्ता आणि शेवटी '#मशीन्स'. हीच ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची, कोटेशनच्या मेलमध्ये टाकायची, व्हिजिटिंग कार्डावर क्यूआर करून छापायची लिंक. 'वर जा' असं बटण हवं असेल तर एचरेफमध्ये नुसता # किंवा '#टॉप' पुरे. त्या नावाचा आयडी पानात कुठेही नसला, तरी ब्राउझर पानाच्या माथ्यावर नेतो. एचटीएमएलच्या प्रमाणातच तसं ठरलेलं आहे.

आयडीचे नियम थोडे आहेत, पण कडक आहेत. एका पानात एक आयडी एकदाच. दोन विभागांना तेच नाव दिलं तर ब्राउझर पहिल्यावर जाऊन थांबतो. 'संपर्क'चा विभाग कॉपी करून 'पत्ता' बनवताना आयडी बदलायचा राहतो आणि 'पत्ता' दाबलं की 'संपर्क' येतं, ती गडबड हीच. नावात मोकळी जागा चालत नाही. दोन शब्द असतील तर मध्ये आडवी रेघ द्या. लहान-मोठ्या लिपीचा फरक धरला जातो, म्हणून सगळं लहान लिपीत ठेवा. सुरुवात आकड्याने करू नका. लिंक चालेल, पण पुढे त्याच नावाने सीएसएसमध्ये काही लिहायला गेलात की अडाल.

आयडी मराठीत देता येतो का? येतो. देवनागरी नाव आजच्या प्रमाणात पूर्ण वैध आहे. मराठी विकिपीडियावर कुठलाही मोठा लेख उघडा, अनुक्रमणिकेतल्या विभागावर टिचकी मारा आणि ब्राउझरच्या पत्त्याकडे बघा: # च्या पुढे मराठी शीर्षक दिसेल. पण तोच पत्ता कॉपी करून मेलमध्ये चिकटवा, आणि त्याच्या जागी टक्क्यांची चिन्हं व इंग्रजी अक्षर-आकडे यांची रांग उमटू शकते. कारण पत्त्यातलं देवनागरी चिन्ह पाठवताना सांकेतिक रूपात जातं. एका चिन्हाला तीन बाइट, आणि प्रत्येक बाइट लिहायला तीन खुणा, म्हणजे एका चिन्हामागे नऊ. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं धरली जातात. 'यंत्रसामग्री' या शब्दात अशी १२ चिन्हं आहेत. त्यांची रांग होते १०८ खुणांची. ती कोटेशनच्या मेलमध्ये ओळ मोडून अर्धी तुटते, आणि क्यूआर कोडमध्ये घातली तर त्याची नक्षी इतकी बारीक होते की कार्डावर छापल्यावर जुना फोन वाचायला कुरकुरतो. म्हणून शीर्षक खुशाल मराठीत ठेवा, ठेवाच; आयडी मात्र रोमन लिपीतला, छोटा असू द्या.

कोड लिहायचा नाही, वर्डप्रेसवर काम आहे, अशांसाठी: शीर्षकाचा ब्लॉक निवडा, उजवीकडच्या पट्टीत 'अ‍ॅडव्हान्स्ड' उघडा, तिथे 'एचटीएमएल अँकर' नावाची रिकामी चौकट असते. तीत नाव लिहा, # न लावता. मेनूत 'कस्टम लिंक' घेऊन # लावून तेच नाव द्या. बाकी सगळं तेच.

अलगद सरकणं

इथवर लिंक चालते, पण पान झटक्यात उडी मारतं. वाचणाऱ्याला कधीकधी कळत नाही की तो त्याच पानावर आहे की नव्या पानावर आला. सरकताना दिसलं की खाली गेलो, तर त्याला दिशा कळते. अलगद स्क्रोलचा खरा फायदा हा एवढाच.

त्यासाठी सीएसएसमध्ये एक ओळ लागते. एचटीएमएल या मूळ घटकाला 'स्क्रोल-बिहेवियर', अपूर्णविराम (:), 'स्मूद'. ही ओळ बॉडीला लावून काही होत नाही, एचटीएमएललाच लावायची. फायरफॉक्सने ही सोय २०१५ मध्ये आणली, क्रोमने २०१७ मध्ये, आणि अ‍ॅपलचा सफारी रेंगाळत २०२२ च्या मार्चमध्ये आला. तोवर आयफोनसाठी वेगळी स्क्रिप्ट लावणं समजण्यासारखं होतं. आता कारण उरलेलं नाही. फार जुन्या फोनवर ही ओळ कळली नाही तर ब्राउझर ती सोडून देतो आणि पूर्वीसारखी उडी मारतो. लिंक बिघडत नाही.

ओळ लावली तरी पान उडीच मारतंय, असं काही रेडीमेड टेम्प्लेटमध्ये होतं. तिथे पानाऐवजी आतला एखादा डबा स्क्रोल होत असतो. बाहेरची उंची १०० टक्क्यांवर बांधलेली आणि आतल्या डब्याला 'ओव्हरफ्लो' दिलेला. अशा वेळी तीच ओळ त्या आतल्या डब्याला लावा.

आता एक अट, आणि ही गाळू नका. काही लोकांना पडद्यावरच्या हालचालीने गरगरतं, मळमळतं. अशी माणसं फोनमध्येच हालचाल कमी करण्याचं सेटिंग चालू करून ठेवतात. आयफोनवर 'रिड्यूस मोशन', अँड्रॉइडवर 'रिमूव्ह अ‍ॅनिमेशन्स' अशा नावाने ते मिळतं. त्यांचा मान राखायला वरची ओळ एका मीडिया क्वेरीत गुंडाळायची: 'प्रीफर्स-रिड्यूस्ड-मोशन', अपूर्णविराम (:), 'नो-प्रेफरन्स'. म्हणजे ज्याने काही सांगितलेलं नाही त्यालाच सरकतं पान मिळेल, बाकीच्यांना साधी उडी. वेबवरच्या सुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांच्या २०१८ च्या आवृत्तीत अशी हालचाल बंद करता यावी हा मुद्दा आहे.

वेग किती ठेवायचा, हे या ओळीने ठरवता येत नाही, ब्राउझर ठरवतो. वेग आपल्या हातात हवा म्हणून पुन्हा स्क्रिप्टकडे वळू नका. पान खूपच लांब असेल, कॅटलॉगमध्ये पन्नास पार्टांचे फोटो वगैरे, तर अलगद स्क्रोल सरळ बंद ठेवा. फोटोंचा पूर डोळ्यांसमोरून धावत जाण्यापेक्षा उडी बरी.

झाकलेलं शीर्षक

अलगद स्क्रोल लावून दिल्यावर सर्वात आधी येणारी तक्रार म्हणजे 'मशीन्स दाबलं की पान जातं, पण शीर्षक दिसत नाही, टेबल मधूनच सुरू होतं.' वर चिकटून राहणारी पट्टी, म्हणजे लोगो आणि मेनू असलेली, शीर्षकावर येऊन बसलेली असते. ब्राउझरने आपलं काम बरोबर केलेलं असतं. त्याने विभागाचा माथा पडद्याच्या माथ्याला नेऊन टेकवला. पट्टी तिथे आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

ते सांगायला 'स्क्रोल-पॅडिंग-टॉप' आहे. एचटीएमएलला एकदाच लावायचं आणि पट्टीच्या उंचीपेक्षा थोडी जास्त किंमत द्यायची. पट्टी ७० पिक्सेलची असेल तर ५ रेम, म्हणजे नेहमीच्या आकारात ८० पिक्सेल. पिक्सेलऐवजी रेम यासाठी, की डोळ्यांना त्रास होतो म्हणून ब्राउझरमध्ये अक्षरं मोठी करून ठेवणारे बरेच असतात. त्यांच्याकडे पट्टीही वाढते आणि सोडलेली जागाही तिच्याबरोबर वाढते. एखाद्याच विभागाला वेगळी जागा हवी असेल तर त्या विभागाला 'स्क्रोल-मार्जिन-टॉप' द्या. जुने कारागीर शीर्षकाच्या वर एक रिकामा, न दिसणारा तुकडा वर खेचून ठेवायचे. तशी कसरत आता कशाला?

फोनवर मात्र वेगळं तपासा. लोगो आणि सहा लिंक एका ओळीत मावत नाहीत, पट्टी दोन ओळींची होते आणि ७० चे १२० पिक्सेल होतात. दोन उपाय आहेत. फोनवर पट्टी चिकटवून ठेवूच नका, किंवा लिंकची ओळ आडवी सरकणारी ठेवा. मला पहिला जास्त पटतो. छोट्या पडद्यावर चिकटून बसलेली पट्टी वाचणाऱ्याचीच जागा खाते. लिंक कशाही ठेवा, बोटाला सापडतील इतक्या मोठ्या हव्यात. अ‍ॅपलची शिफारस ४४ बाय ४४ पॉइंटची आहे. हातमोजा काढून घाईत फोन बघणाऱ्या शॉप फ्लोअरच्या सुपरवायझरला त्याहून लहान लिंक सापडणार नाही.

फोनवर तीन रेघांचा मेनू असेल तर आणखी एक खोड निघते. मेनू पूर्ण पडदा व्यापतो, लिंक दाबली की मागे पान योग्य जागी सरकतं, पण मेनू उघडाच राहतो. माणसाला वाटतं काहीच झालं नाही, तो पुन्हा पुन्हा दाबतो. लिंकवर टिचकी पडली की मेनू मिटावा, एवढी छोटी स्क्रिप्ट इथे लागतेच, आणि ती घ्यायला हरकत नाही. मेनू उघडा असताना मागचं पान गोठवून ठेवलं असेल तर आधी ते मोकळं करा, मगच सरकू द्या.

फोटो येतात आणि जागा सरकते

पत्र्याच्या शेडमध्ये नेटवर्क किती येतं, हे तिथे काम करणाऱ्यांना सांगायला नको. संथ नेटवर्कवर असं होतं: ड्रायव्हर 'पत्ता'ची लिंक उघडतो, ब्राउझर लगेच त्या जागी जातो, आणि मग वरचे मशीनचे फोटो एकेक करून उतरायला लागतात. प्रत्येक फोटो आपली जागा मागतो, पत्ता खाली ढकलला जातो आणि पडद्यावर भलतंच काही दिसतं. काही ब्राउझर हे सावरून घेतात, पण सगळ्यांवर विसंबू नये.

उपाय जुना आणि स्वस्त आहे. प्रत्येक इमेज टॅगमध्ये रुंदी आणि उंची आकड्यांत लिहा. मग फोटो यायच्या आधीच ब्राउझर त्याची जागा राखून ठेवतो. सीएसएसमध्ये कमाल रुंदी १०० टक्के आणि उंची 'ऑटो' ठेवली की फोनवरही प्रमाण बिघडत नाही. फोटो उशिरा आणण्याची 'लेझी' सोय वापरत असाल तर हे आकडे अत्यावश्यकच आहेत. आणि मोबाइलने काढलेला चार-पाच एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवू नका. पानावर दिसतो त्या रुंदीला लहान करून घ्या.

स्क्रिप्टवाल्यांशी बोलताना

पूर्वी जेक्वेरीची एक स्क्रिप्ट फार चालायची. लिंकची मूळ क्रिया अडवायची आणि पान स्वतः सरकवत न्यायचं. आजही जुन्या टेम्प्लेटमध्ये ती सापडते. तिचे तोटे बघा. मूळ क्रिया अडवल्यामुळे वरच्या पत्त्यात '#मशीन्स' येत नाही. म्हणजे लिंक कॉपी करून पाठवता येत नाही आणि मागे जायचं बटण दाबलं की माणूस वेबसाइटच्याच बाहेर पडतो. कीबोर्डने वापरणाऱ्याचं आणखी वाईट. साध्या लिंकने विभागावर गेलं की पुढची टॅब कळ त्या विभागातल्या पहिल्या लिंकवर नेते. स्क्रिप्टने नुसतं पान हलवलं की नजर खाली आणि टॅब वरच्या मेनूतच. वेबसाइट नव्याने करून घेताना ही स्क्रिप्ट काढायला सांगा. बटण दाबून काही हिशेब करून मग सरकवायचं असेल, तर ब्राउझरची स्वतःची 'स्क्रोल-इन्टू-व्ह्यू' सोय आहे, तीच वापरावी.

सध्या कोणत्या विभागात आहोत ते मेनूत ठळक दिसणं, ही हौस करायला हरकत नाही. त्यासाठी 'इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर' नावाची सोय आहे. प्रत्येक स्क्रोलला मोजमाप करणारी स्क्रिप्ट स्वस्तातल्या फोनवर पान अडखळवते, तसं याने होत नाही. पण पाच-सहा विभागांच्या पानाला त्यावाचून काही अडत नाही.

कीबोर्डचा विषय निघालाच आहे तर एक लिंक आणखी जोडा. बऱ्याच सरकारी वेबसाइटवर अगदी माथ्यावर 'मुख्य मजकुराकडे जा' अशा अर्थाची लिंक असते. तीही आपण इथे करतोय तशीच पानाच्या आतली लिंक आहे. पडदावाचक वापरणाऱ्या अंध माणसाला दर वेळी सगळा मेनू ऐकावा लागू नये, म्हणून. आपल्या पानात बॉडीच्या सुरुवातीला तशी लिंक ठेवा. एरवी लपलेली आणि टॅबने पोचल्यावर दिसणारी चालेल.

दिलेला पत्ता मोडू नका

# च्या पुढचा भाग सर्व्हरकडे जातच नाही. तो ब्राउझरपाशीच राहतो. म्हणून वेबसाइट नवी करताना 'मशीन्स'चं 'मशीन-लिस्ट' केलंत, तर जुन्या लिंकवरून येणाऱ्याला सर्व्हरवर बसून वळवता येत नाही, आणि किती जणांची लिंक चुकली तेही सर्व्हरच्या नोंदीत दिसत नाही. पान उघडतं, त्रुटी येत नाही, माणूस फक्त माथ्यावर उभा राहतो आणि त्याला हवं ते सापडत नाही. नाव बदलणं टळतच नसेल तर नव्या विभागाच्या सुरुवातीला जुन्या आयडीचा एक रिकामा स्पॅन ठेवून द्या. दोन्ही लिंक चालतील.

वेगवेगळ्या टॅबमध्ये किंवा मिटलेल्या पट्ट्यांत माहिती ठेवली असेल तर तिथली लिंकही अशीच फसू शकते, कारण लपवलेल्या विभागावर ब्राउझर बहुतेकदा जाऊ शकत नाही. मशीन लिस्ट लपवू नका, उघडी ठेवा. आणि कंपनीचं ब्रोशर पीडीएफमध्ये असेल तर त्याच्या पत्त्याच्या शेवटी '#पेज=७' असं लिहिलं की कॉम्प्युटरवरचे क्रोम, फायरफॉक्स थेट सातवं पान उघडतात. फोनवर मात्र पीडीएफ अनेकदा आधी डाउनलोड होते आणि पहिल्याच पानावर उघडते, म्हणून महत्त्वाची माहिती पीडीएफच्या भरवशावर सोडू नका.

झालं की तपासणी करा, पण ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर नाही. कामगाराकडे असतो तसा साधा अँड्रॉइड फोन घ्या, वायफाय बंद करा, शेडमध्ये जा आणि प्रत्येक विभागाची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवरून उघडून बघा. शीर्षक पूर्ण दिसतंय का, फोटो उतरल्यावरही पान त्याच जागी आहे का, मागे जायचं बटण योग्य ठिकाणी नेतंय का. मग अक्षरांचा आकार वाढवून पुन्हा एकदा. शेवटी कॉम्प्युटरवर माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅब आणि एंटरने फिरून या.

दिवाळीच्या आधी नवी व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकणार असाल, तर आधी मशीन लिस्टचा आणि पत्त्याचा आयडी पक्का करा. क्यूआर त्याच लिंकचा छापा, आणि कार्डं वाटून झाल्यावर ती दोन नावं कुणालाही बदलू देऊ नका, पुढच्या वेबसाइटवाल्यालासुद्धा.